विश्लेषण : चष्मा जाईल, पण जोखीम किती? लेसर शस्त्रक्रियेआधी कोणता हिशेब मांडायला हवा?

लोकलच्या डब्यात, रिक्षाच्या मागे आणि मोबाइलवरच्या रीलमध्ये ‘चष्म्याला कायमचा रामराम’ ही जाहिरात हमखास दिसते. दहा-पंधरा मिनिटांची शस्त्रक्रिया, टाका नाही, दोन-तीन दिवसांत पुन्हा कामावर. यातले बरेचसे खरेही आहे. मात्र याच शस्त्रक्रियेबाबत रुग्णांना अधिक स्पष्ट इशारा द्यावा, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०२२ मध्ये सुचवले आणि तिथल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटना त्यावर तुटून पडल्या. मग सामान्य माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा? याचे उत्तर लेसर यंत्राच्या नावात सापडत नाही. ते बरेचसे शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत आणि थोडेसे साध्या बेरीज-वजाबाकीत आहे.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

बुबुळासमोर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. तो म्हणजे कॉर्निया. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हा पडदा करतो. उणे नंबर असलेल्यांचा डोळा बहुतेक वेळा मागे-पुढे थोडा लांब असतो, त्यामुळे प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते. चष्म्याची काच हीच चूक बाहेरून दुरुस्त करते. लेसर शस्त्रक्रियेत ती कॉर्नियाचा उंचवटा कमी करून, म्हणजे त्याच्या मधल्या भागातील थोडा थर कायमचा काढून टाकून दुरुस्त केली जाते.

लेसिक पद्धतीत आधी कॉर्नियाच्या वरच्या थराची एक पातळ चकती कापली जाते. तिला फ्लॅप म्हणतात. ती एका बाजूने जोडलेलीच असते. पुस्तकाचे पान उलटावे तशी ती बाजूला करून खालच्या थरावर एक्सायमर लेसर सोडला जातो आणि मग पान पुन्हा मिटवले जाते. हा लेसर डोळा भाजतो, अशी भीती अनेकांना असते. पण ती चुकीची आहे. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे अतिनील किरण पेशीजालातील रेणूंचे बंध तोडतात आणि आजूबाजूच्या भागाला जवळपास उष्णता लागू देत नाहीत. हा गुणधर्म १९८१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत लक्षात आला. तो शोधणाऱ्या तिघांपैकी रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे. सणाच्या जेवणातून उरलेले टर्कीचे मांस त्यांनी प्रयोगशाळेत आणले आणि त्यावर हा लेसर चालवून पाहिला. कडा न जळता झालेला तो स्वच्छ छेद ही आजच्या कोट्यवधी शस्त्रक्रियांची सुरुवात म्हणावी लागेल.

‘९५ टक्के समाधानी’ आणि ‘३० टक्क्यांना कोरडेपणा’, दोन्ही खरे कसे?

रुग्णालयांच्या माहितीपत्रकात ९५ टक्के समाधानाचा आकडा असतो. तो बनावट नाही. १९८८ ते २००८ या काळातील जगभरच्या संशोधनाचा आढावा घेतला गेला, तेव्हा ९५.४ टक्के रुग्ण समाधानी असल्याचे आढळले होते. दुसरीकडे समाजमाध्यमांवर डोळ्यांची आग, दिव्यांभोवती दिसणारी वलये, रात्री गाडी चालवता न येणे अशा तक्रारींचा ढीग आहे. त्याही बनावट नाहीत.

या दोहोंची सांगड एफडीएच्याच पुढाकाराने झालेल्या ‘प्राउल’ या अभ्यासांत सापडते. नौदलातील २६२ आणि नागरी केंद्रांतील ३१२ जणांना शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर तीच प्रश्नावली देण्यात आली. आधी कोणतेही दृश्यदोष नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनंतर किमान एक नवे लक्षण सांगितले. वलये, प्रकाश फुटणे, डोळे दिपणे किंवा दुहेरी प्रतिमा, यांपैकी काहीतरी. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवू लागला. तरीही ९५ टक्क्यांहून अधिक जण आपल्या दृष्टीवर समाधानी होते आणि या लक्षणांमुळे रोजची कामे करणे फार अवघड झाले, असे सांगणारे एक टक्क्याहून कमी निघाले.

म्हणजे नवे लक्षण येणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. पण बहुतेकांच्या बाबतीत चष्मा सुटल्याचा आनंद त्या लक्षणापेक्षा मोठा ठरतो. अनेकांना आधी चष्म्यामुळे किंवा लेन्समुळे असलेला त्रास शस्त्रक्रियेनंतर कमी झाला, हेही या अभ्यासांत दिसले. मात्र ‘एक टक्क्याहून कमी’ हा आकडा ऐकायला जितका छोटा वाटतो तितका तो नाही. लाख जणांनी शस्त्रक्रिया केली, तर त्यातले काहीशे जण या गटात येऊ शकतात; आणि त्यांच्यासाठी तो शंभर टक्के असतो. शिवाय ५७४ जणांच्या अभ्यासात हजारात एखाद्यालाच होणारी गुंतागुंत दिसेलच असे नाही. दुर्मीळ धोक्यांसाठी हे अभ्यास मुळात पुरेसे मोठे नव्हते.

या अभ्यासांतली आणखी एक बाब फारशी चर्चेत आली नाही. रुग्ण आपली लक्षणे डॉक्टरांना तोंडी सांगतात त्याच्या दुपटीहून अधिक प्रमाणात ती प्रश्नावलीत लिहितात. डॉक्टर तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून घेतात आणि ‘सहा बाय सहा’ नोंदवतात. ती ओळ भर उजेडात, काळ्या अक्षरांत, स्थिर असते. पावसाळ्यातल्या रात्री घाटात समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे त्या तक्त्यात नसतात.

अमेरिकेतला वाद काय आहे?

एफडीएने एक्सायमर लेसरने नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेला १९९५ मध्ये पहिली मान्यता दिली. या यंत्रांच्या छाननीत सहभागी असलेले एफडीएचे माजी अधिकारी मॉरिस वॅक्सलर यांनी पुढे आपले मत बदलले. लेसिकची मान्यताच मागे घ्यावी, अशी याचिका त्यांनी २०११ मध्ये केली. एफडीएने ती फेटाळली. पण तक्रारी थांबल्या नाहीत. २०२२ च्या मसुद्यात दुहेरी दिसणे, कोरडेपणा, रात्री वाहन चालवण्यात अडचण, क्वचित दीर्घकाळ टिकणारी वेदना आणि शस्त्रक्रियेनंतरही चष्मा लागण्याची शक्यता या गोष्टी रुग्णाला सोप्या भाषेत, तपासयादी हाती देऊन सांगाव्यात, असे सुचवण्यात आले. यात धोके फुगवले आहेत आणि फायदे झाकले आहेत, असे म्हणत शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या संघटनांनी मसुदा मागे घेण्याची मागणी केली.

दोन्ही बाजूंच्या हाती आकडे तेच आहेत. भांडण आहे ते रुग्णाला आधी काय सांगायचे यावर. निरोगी डोळ्यावर, ऐच्छिक म्हणून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत हा मुद्दा छोटा नाही. मोतीबिंदूच्या रुग्णाला शस्त्रक्रियेशिवाय फारसा पर्याय नसतो. चष्मेवाल्याकडे चष्मा असतोच.

कॉर्नियाच्या जाडीचे गणित का महत्त्वाचे?

कॉर्नियाची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० ते ५५० मायक्रॉन असते. डोक्याचा एक केस ७०-८० मायक्रॉनचा धरला, तर सात केसांइतकी. लेसर शस्त्रक्रियेचा सगळा खर्च या शिलकीतून करायचा असतो. एकदा खर्चलेला थर परत तयार होत नाही.

किती थर जाईल याचे एक ढोबळ सूत्र आहे. ज्या गोल भागावर लेसर चालवायचा त्याच्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला नंबराने गुणायचे आणि तीनने भागायचे. व्यास साडेसहा मिलिमीटर असेल तर एका नंबरामागे सुमारे १४ मायक्रॉन जातात. आता दोन काल्पनिक डोळे घेऊ.

पहिल्या डोळ्याची जाडी ५४०, नंबर उणे ३. फ्लॅपचे ११० मायक्रॉन आणि लेसरचे ४२, मिळून १५२. फ्लॅपखाली ३८८ मायक्रॉन शिल्लक. दुसऱ्या डोळ्याची जाडी ५००, नंबर उणे ७. फ्लॅपचे ११० आणि लेसरचे ९८, मिळून २०८. शिल्लक २९२.

फ्लॅपखाली किमान २५० मायक्रॉन राहायला हवेत, असा जुना नियम आहे. त्यात दोन्ही डोळे उत्तीर्ण होतात. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने वेगळा निकष पुढे आणला : एकूण जाडीच्या ४० टक्के किंवा त्याहून अधिक भाग शस्त्रक्रियेत गुंतला, तर कॉर्निया पुढे कमकुवत होण्याचा धोका वाढतो. पहिल्या डोळ्यात हे प्रमाण २८ टक्के येते, दुसऱ्यात जवळपास ४२. एकाच दवाखान्यात, एकाच यंत्रावर, एकाच डॉक्टरकडून शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या या दोघांची जोखीम एकसारखी नाही.

या हिशेबात फ्लॅप का धरायचा, असा प्रश्न पडू शकतो. तो तर परत जागेवर बसतो. बसतो, पण पूर्वीसारखा सांधत नाही. त्याच्या कडा जुळून येतात, मात्र कॉर्नियाला आतून ताण देऊन धरण्यात त्याचा वाटा फारसा उरत नाही. डोळ्याला मार लागून काही वर्षांनी फ्लॅप सरकल्याच्या घटनाही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. आणि काही वर्षांनी नंबर थोडा परतला, पुन्हा लेसर करावा लागला, तर तो खर्चही याच शिलकीतून होणार.

अंधारात बाहुली मोठी होते, हेही गणितात येते. लेसर फिरवलेल्या भागापेक्षा बाहुली मोठी झाली, की कडेच्या असमान भागातून प्रकाश आत शिरतो आणि दिव्यांभोवती वलये दिसतात. मोठा व्यास घेतला की वलये कमी होतात, पण वरच्या सूत्रानुसार थर जास्त खर्च होतो. इथे कोणत्याही यंत्राला फुकटात काही मिळत नाही.

सर्वात गंभीर धोका कोणता? महाराष्ट्राशी त्याचा काय संबंध?

संसर्ग, फ्लॅपला सुरकुत्या, दाह हे धोके आहेत. पण ते दुर्मीळ आहेत आणि वेळीच लक्षात आले तर बहुतेकदा आटोक्यात येतात. तज्ज्ञांना अधिक धास्ती असते ती कॉर्निया हळूहळू पुढे फुगत जाण्याची. याला एक्टेशिया म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही तो सुरू होऊ शकतो. दृष्टी वेडीवाकडी होते आणि चष्म्यानेही ती नीट होत नाही. मग कॉर्निया घट्ट करणारी क्रॉस-लिंकिंग प्रक्रिया, विशेष कडक लेन्स आणि अगदी टोकाच्या वेळी कॉर्निया प्रत्यारोपण करावे लागते.

हा धोका कोणाला, याचा अंदाज आधीच येऊ शकतो. केरॅटोकोनस, म्हणजे कॉर्निया आपोआप शंकूसारखा होत जाणारा आजार, ज्यांच्यात सुप्तावस्थेत असतो त्यांच्यावर लेसर करणे म्हणजे तडा गेलेली भिंत आणखी तासणे. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात तिशीपुढच्या ४,६६७ जणांची पाहणी झाली होती. त्यात २.३ टक्के लोकांमध्ये केरॅटोकोनसकडे बोट दाखवणारा तीव्र उंचवटा आढळला. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच मोजमापावर हा आकडा बेतलेला होता आणि निकष कडक केला की तो झपाट्याने घसरतो, त्यामुळे तो जसाच्या तसा घेता येत नाही. तरी हा आजार आपल्याकडे नगण्य नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

म्हणूनच कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढणारी चाचणी टाळता येत नाही. ॲलर्जीमुळे डोळे सतत चोळायची सवय, घरात कोणाला केरॅटोकोनस, दरवर्षी बदलणारा तिरका नंबर या गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत, तरी स्वतःहून सांगाव्यात. मऊ लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीआधी साधारण दोन आठवडे आणि कडक लेन्सवाल्यांनी चार आठवडे त्या बंद ठेवायच्या असतात. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो. सकाळी लेन्स काढून दुपारी तपासणी आणि संध्याकाळी शस्त्रक्रियेची तारीख, असा प्रकार होत असेल तर तिथून उठलेले बरे.

कोरडेपणाचे कारण वेगळे आहे. कॉर्निया हा शरीरातील सर्वाधिक मज्जातंतू असलेल्या भागांपैकी एक आहे. फ्लॅप कापताना हे तंतू तुटतात, डोळा कोरडा पडल्याचा संदेश मेंदूकडे नीट पोहोचत नाही आणि अश्रू कमी स्रवतात. बहुतेकांचे तंतू सहा महिने ते वर्षभरात बऱ्यापैकी वाढतात. मोजक्या लोकांत मात्र ते चुकीचे संदेश पाठवू लागतात. डोळा तपासला तर स्वच्छ दिसतो, वेदना मात्र थांबत नाही. अशा रुग्णाला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगून परत पाठवले जाते, हे त्याचे दुसरे दुःख. वातानुकूलित कार्यालयात दिवसाचे दहा तास पडद्यासमोर बसणाऱ्यांनी आपले डोळे आधीपासूनच कोरडे आहेत का, हे म्हणूनच तपासून घ्यावे.

‘फ्लॅपविरहित’ नव्या पद्धती अधिक सुरक्षित आहेत का?

काही बाबतीत हो. स्माइल पद्धतीत फ्लॅप नसतो. कॉर्नियाच्या आतच एक भिंगासारखी पातळ चकती लेसरने सुटी केली जाते आणि दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढली जाते. त्यामुळे तंतू कमी तुटतात, फ्लॅप सरकण्याचा प्रश्नच राहत नाही. पण थर इथेही जातोच, आणि स्माइलनंतर एक्टेशिया झाल्याच्या नोंदीही आहेत. नंबर राहिला तर पुन्हा दुरुस्ती करणे लेसिकपेक्षा किचकट. जुनी पीआरके पद्धत जाहिरातीत मागे पडली आहे, कारण तिच्यात चार-पाच दिवस डोळा दुखतो आणि नजर स्थिरावायला काही आठवडे जातात. परंतु वरच्या उदाहरणातील दुसऱ्या डोळ्यासारखा पातळ कॉर्निया असेल, तर फ्लॅपचे ११० मायक्रॉन वाचवणारी हीच पद्धत कधी कधी पुढे येते. नंबर फारच मोठा असेल तर डोळ्याच्या आत बसवायची आयसीएल लेन्स हा पर्याय असतो. ती काढता येते. मात्र डोळ्याच्या आत शिरावे लागत असल्याने मोतीबिंदू, डोळ्यातील दाब वाढणे, आतला संसर्ग असे तिचे स्वतःचे धोके आहेत.

तुलना करताना कॉन्टॅक्ट लेन्सही निर्धोक मानू नयेत. अमेरिकेतील १९८९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात लेन्स रोज काढून ठेवणाऱ्यांत कॉर्नियाच्या संसर्गाचे प्रमाण दहा हजारांमागे वर्षाला सुमारे ४ होते. ती डोळ्यात ठेवून झोपणाऱ्यांत सुमारे २१. वर्षाला ४ म्हणजे वीस वर्षांत ८०. तेव्हाच्या लेन्स आजच्यासारख्या नव्हत्या, हे खरे. पण नळाच्या पाण्याने लेन्स धुणाऱ्या आणि त्या घालूनच झोपणाऱ्या माणसासाठी लेसर हा कदाचित कमी धोक्याचा मार्ग ठरेल. चष्म्याशी तुलना केली तर मात्र कोणतीच शस्त्रक्रिया जिंकत नाही.

नोकरभरती आणि विम्याचे काय?

राज्यात अनेक तरुण भरतीसाठी म्हणून लेसर करून घेतात. इथे घाई अंगाशी येऊ शकते. रेल्वेत सहायक लोको पायलटसारख्या ज्या पदांसाठी ए-१ वैद्यकीय श्रेणी लागते, तिथे लेसिक झालेला उमेदवारच अपात्र ठरतो. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेने नोकरी मिळेल असे वाटते, तिनेच ती जाते. सैन्यदलांसाठीच्या सीडीएस परीक्षेच्या अधिसूचनांत लेसिकला सशर्त परवानगी दिसते : शस्त्रक्रियेवेळी वय २० पेक्षा अधिक, तिला १२ महिने उलटलेले, कॉर्नियाची जाडी किमान ४५० मायक्रॉन, डोळ्याची लांबी २६ मिलिमीटरपर्यंत आणि उरलेला नंबर एकच्या आत. बारावीनंतर एनडीएच्या वाटेवर असलेल्यांना वयाच्या अटीमुळेच हा मार्ग जवळपास बंद होतो. वरच्या उदाहरणातला दुसरा डोळा घ्या. त्यातून लेसरचे ९८ मायक्रॉन गेले की एकूण जाडी ४०२ राहील. दृष्टी सहा बाय सहा झाली तरी तो तरुण अपात्र. हे निकष बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी ज्या पदासाठी अर्ज करायचा त्याची ताजी अधिसूचना वाचणे आवश्यक आहे.

विम्याची गंमत वेगळीच आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित वगळणुकीनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च विमा कंपनी नाकारू शकते. म्हणजे लेसरसाठी ज्यांचा डोळा सर्वाधिक योग्य, त्यांना खिशातून पैसे मोजावे लागतात. आणि ज्यांचा खर्च विम्यात बसू शकतो, त्यांच्या कॉर्नियाची शिलक लेसरला पुरेलच याची खात्री नसते.

चष्मा खरोखर ‘कायमचा’ जातो का?

दूरचा चष्मा अनेकांचा जातो. पण चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होते आणि वाचायला चष्मा लागतो. लेसरचा त्याच्याशी संबंध नाही. उलट उणे दोन-अडीचचा नंबर असलेल्यांना चष्मा काढून पेपर वाचण्याची जी सोय चाळिशीनंतर आपोआप मिळते, ती लेसरने हातची जाते. अडतिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने याचा जरूर विचार करावा. मोठ्या उणे नंबरात डोळ्याचा मागचा पडदा ताणलेला असतो, तोही तसाच राहतो. नंबर शून्य झाला म्हणून पडदा सुटण्याचा धोका शून्य होत नाही, त्याची तपासणी चालूच ठेवावी लागते.

कॉर्निया पातळ झाल्यावर डोळ्यातील दाब यंत्रावर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. साठीत मोतीबिंदू झाला, तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना कॉर्नियाचा मूळ आकार माहीत असणे फार उपयोगी पडते. तो फक्त आज, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मोजता येतो. अनेक रुग्णालये हे कागद मागितल्याशिवाय देत नाहीत. कॉर्नियाचा नकाशा, जाडी, आधीचा नंबर आणि किती मायक्रॉन थर काढला याची नोंद, एवढी फाइल मागून घ्यावी आणि तिचे फोटो मोबाइलव्यतिरिक्त आणखी एखाद्या ठिकाणी ठेवावेत. पंचवीस-तीस वर्षांनी मोतीबिंदूचे डॉक्टर तीच मागतील.